जेकिलबाईंचा वाफा

गेले दोन आठवडे मी आलेखाचा कागद घेऊन बसतेय. इथे इंग्लंडमध्ये घरामागे जेमतेम बारा फूट लांब, चार फूट रुंद अशी एक पट्टी आहे. तिथे 'कॉटेज गार्डन' करायचं जूनमध्येच ठरवलं होतं. फॉक्सग्लव्हचं बीही तेव्हाच टाकलं. हे झाड पहिल्या वर्षी नुसती पानं देतं, फुलं दुसऱ्या वर्षी. म्हणजे पुढच्या जूनमध्ये, आई येईल तेव्हा!

नकाशा काढायचा म्हणून वाचायला लागले आणि इतिहासातच रमले.

मूळची कॉटेज गार्डन म्हणजे काही शोभेची बाग नव्हे. शेतमजुराच्या झोपडीपुढची ती जागा. कोबी, कांदे, घेवडा, औषधी पाला, जमलं तर एखादं डुक्कर, आणि मधल्या रिकाम्या जागेत शेजारणीने दिलेल्या रोपांची फुलं. आमच्या आजोळच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर अळू नि केळी, आणि कडेला अबोली, गुलबक्षी असायची, तसंच! त्याला 'स्टाइल' म्हणतात हे आजीला ठाऊक नव्हतं.

तेव्हा श्रीमंतांच्या बागा कशा होत्या? काचघरात वाढवलेली हजारो रोपं उन्हाळ्यात हिरवळीवर रांगोळीसारखी मांडायची, थंडी आली की उपटायची. विल्यम रॉबिन्सन नावाच्या आयरिश माळ्याला याचा भयंकर राग. १८७० साली 'द वाइल्ड गार्डन' आणि १८८३ साली 'द इंग्लिश फ्लॉवर गार्डन' लिहून त्याने वर्षानुवर्षं टिकणाऱ्या, थंडी सोसणाऱ्या झाडांची बाजू घेतली. गंमत बघा, गरिबाच्या अंगणातली रीत अशी बंगल्यात शिरली.

पण मला खरी भेटली ती गर्ट्रूड जेकिल (१८४३–१९३२). शिकलेली चित्रकला, हात भरतकामात बसलेला, आणि दृष्टी मुळातच अधू. १८९१ च्या सुमारास डॉक्टरांनी सांगितलं, बारीक काम बंद. तेव्हा बाई पन्नाशीला टेकलेल्या. मग त्यांनी सगळा जीव बागेत ओतला. सरे परगण्यातल्या मन्स्टेड वूडला त्यांचा मुख्य वाफा सुमारे २०० फूट लांब, १४ फूट रुंद होता. दोन्ही टोकांना निळे, पांढरे, फिके पिवळे, राखी असे शांत रंग, आणि मध्याकडे जाताना पिवळा, केशरी, लालभडक. एकेका जातीचे लांबट पट्टे एकमेकांत मिसळलेले. बारकावे दिसेनात, म्हणून त्यांनी रंगांचे मोठे ढग मांडले असावेत, असं मला आपलं वाटतं. त्यांचं घर बांधणारे एडविन लट्येन्स म्हणजे पुढे नवी दिल्ली आखणारे तेच. २०२३ साली ही जागा नॅशनल ट्रस्टने घेतली.

हे वाचलं आणि माझा पहिला नकाशा फाडला.

कारण जूनमध्ये मी बी टाकलं तेव्हा आई चष्मा लावून पेपर वाचत होती. आता तिला अक्षर लागत नाही. माणसंही ती कपड्याच्या रंगावरून ओळखते. पहिल्या नकाशात मी वीस तऱ्हेची नाजूक फुलं एकेक लावणार होते. ती तिला दिसणार कशी?

आता फक्त सहा जाती, पण प्रत्येकीचा भरघोस पुंजका. टोकांना निळसर कॅटमिंट, मध्ये शेंदरी ओरिएंटल पॉपी, मागे उंच फॉक्सग्लव्ह. ते विषारी असतं, म्हणून हात न पोचेल असं भिंतीलगत. तिच्या खुर्चीजवळ लॅव्हेंडर आणि 'पिंक्स', ज्यांना चक्क लवंगेचा वास येतो. पायवाटेला चिकटून स्वीट पी.

काल फोनवर तिला हे सगळं सांगितलं. म्हणाली, "अगं, एवढं कशाला? एक झेंडू लाव, तो मला दिसतो."

सातवी जात झेंडू. लाल पॉपीच्या शेजारी, जेकिलबाईंच्या नियमात बसवून.

फॉक्सग्लव्हची पानं आता चांगली तळहाताएवढी झालीत. जूनची वाट बघतेय.