सर्व्हरने किती वेळ थांबायचं?

आजची गोष्ट एका वचनाची. ते किती वेळ पाळायचं, याची.

१९८० चं दशक. पिट्सबर्गमध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि आयबीएम यांचा ‘अँड्र्यू’ प्रकल्प चालू होता. हजारो कॉम्प्युटर, फायली मात्र सामाईक सर्व्हरवर. आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले एम. सत्यनारायणन त्या फाइल सिस्टीमवर काम करत होते. प्रत्येक कॉम्प्युटर फाइलची प्रत स्वतःकडे ठेवायचा. पण ती शिळी झाली नाही ना? सुरुवातीला फाइल उघडताना दर वेळी सर्व्हरला विचारत. सर्व्हर बिचारा उत्तरं देऊनच दमला. मग उलटं केलं: ‘तू विचारू नकोस, बदललं तर मीच कळवीन.’ हाच कॉलबॅक.

(सन कंपनीच्या एनएफएसने असलं वचनच दिलं नाही. फाइलची माहिती ३ सेकंद खरी मानायची, मग पुन्हा विचारायचं. चाललं की!)

आता समजा, प्रत माझ्याकडे आहे आणि माझी नेटवर्कची वायर निघाली. तुम्हाला तीच फाइल बदलायचीये. सर्व्हर मला कळवायला येतो, मी गप्प. तो थांबला तर तुम्ही ताटकळता. त्याने मला सोडून दिलं, तर मी जुनी प्रत खरी समजून काम करत बसतो. नुसता टाइमआउट कमीजास्त करून हे सुटत नाही, कारण तो फक्त सर्व्हरला माहीत असतो.

१९८९ मध्ये स्टॅनफर्डच्या कॅरी ग्रे आणि डेव्हिड चेरिटन यांनी उपाय मांडला: लीज. (हेच चेरिटन पुढे गूगलच्या पहिल्या गुंतवणूकदारांत होते.) आपला ११ महिन्यांचा भाडेकरार असतो ना, तसंच. वचन द्यायचं, पण मुदत घालून, आणि ती दोघांनाही ठाऊक. वायर निघाली तरी मुदत संपली की मी आपणहून प्रतीवरचा विश्वास सोडतो. सर्व्हरही तेवढंच थांबतो, मग तुम्हाला लिहू देतो. दोन्हीकडची घड्याळं मात्र धड चालायला हवीत.

मग मुदत केवढी? मोठी ठेवली तर विचारणा कमी, पण कुणी बंद पडलं की बाकीच्यांचा खोळंबा मोठा. त्यांच्या हिशेबात १० सेकंदांची लीजही पुरेशी होती. बराचसा फायदा तेवढ्यातच मिळून जातो.

एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत लीज आली. लिनक्सच्या सर्व्हरवर ती मुळात ९० सेकंदांची असते. सर्व्हर रीस्टार्ट झाला की जुन्या क्लायंटना आपला हक्क सांगायला तेवढा वेळ मिळतो, तोवर नव्यांना थांबावं लागतं. हे मला माहीत नव्हतं, तेव्हा एका रात्री फायली उघडेनात म्हणून घाबरून मी सर्व्हर पुन्हा रीस्टार्ट केला. मग आणखी ९० सेकंद.