टिल डेथ डू अस पार्ट

ख्रिस्ती विवाहविधीतील शपथेतून रूढ झालेला इंग्रजी वाक्प्रचार. अर्थ : ‘मृत्यू आपली ताटातूट करीपर्यंत’, म्हणजेच मरेपर्यंत.

रचना : यात ‘डेथ’ हा कर्ता, ‘अस’ हे कर्म आणि ‘पार्ट’ म्हणजे ‘वेगळे करणे’ हे क्रियापद, ‘डू’ नुसते साहाय्यक. त्यामुळे ‘आपण वेगळे होईपर्यंत’ हा अर्थ चुकीचा ठरतो. ताटातूट करतो तो मृत्यू, वधूवर नव्हेत. विधीतील शब्दक्रम ‘टिल डेथ अस डू पार्ट’ असा आहे. बोलण्यात ‘डू’ अलीकडे सरकला.

इतिहास : मध्ययुगीन इंग्लंडमध्ये चर्चमधील उपासना लॅटिनमधून चाले, विवाहाची शपथ मात्र वधूवरांना कळावी म्हणून इंग्रजीत घेतली जाई. सॉल्सबरीच्या परंपरेतील ही शपथ आर्चबिशप टॉमस क्रॅन्मर यांच्या १५४९ च्या ‘बुक ऑफ कॉमन प्रेअर’मध्ये आली. तेव्हा तिचे शब्द ‘टिल डेथ अस डिपार्ट’ असे होते. ‘डिपार्ट’ म्हणजे त्या काळी ‘वेगळे करणे’. पुढे हा अर्थ मागे पडून ‘निघून जाणे’ एवढाच उरला. विमानतळावरच्या फलकावरील ‘डिपार्चर’ त्याच अर्थाचे. म्हणून १६६२ च्या आवृत्तीत ‘डिपार्ट’च्या जागी ‘डू पार्ट’ आले. उच्चार जवळपास तोच राहिला आणि अर्थही वाचला.

वापर : इंग्लंडमध्ये १८५७ च्या कायद्याने घटस्फोटासाठी दिवाणी न्यायालय स्थापन झाले. त्यापूर्वी पुनर्विवाहाची मुभा देणाऱ्या घटस्फोटासाठी संसदेत स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. सामान्य जोडप्याला ही शपथ शब्दशः लागू होती. आज तिचा वापर लग्नापुरता उरलेला नाही. जिवलग मैत्री, फुटबॉल संघावरील निष्ठा, न फिटणारे गृहकर्ज यांविषयीही ती गमतीने वापरतात. सतत भांडणाऱ्या कुटुंबावरील बीबीसीच्या विनोदी मालिकेने (१९६६) हेच शब्द उपरोधाने शीर्षकात घेतले.

मराठी पर्याय : ‘मरेपर्यंत’, ‘जन्मभर’, ‘शेवटच्या श्वासापर्यंत’. ‘जन्मोजन्मी’ किंवा ‘साताजन्माची गाठ’ हे प्रतिशब्द मात्र चालत नाहीत. वटपौर्णिमेच्या मागण्यात मृत्यू हा केवळ एक टप्पा असतो. या शपथेत तोच बंधनाची अखेर ठरतो, आणि मागे राहिलेला जोडीदार पुन्हा विवाह करण्यास मोकळा असतो.