फ्लॉपीवरची बुरशी

खोपोलीत माझ्या मामूंचं टायपिंगचं दुकान होतं. नव्वदच्या दशकात टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला आणि पाटीवर ‘डीटीपी’ ही तीन अक्षरं चढली. लग्नपत्रिका, जमातीच्या सभांची इतिवृत्तं, शाळेचे निकाल, कुणाची कवितांची वही, सगळं तिथे टाइप व्हायचं आणि साडेतीन इंची फ्लॉपीत जायचं. मामू गेल्यावर मुमानींनी फ्लॉपींनी भरलेली पत्र्याची पेटी माझ्या हवाली केली. उघडली तर कुबट वास. एका फ्लॉपीची धातूची पट्टी सरकवून पाहिली, तर आतल्या चकतीवर पांढरट ठिपके.

कर्जत-खालापूरच्या माणसाला याचं नवल वाटू नये. घाटाच्या पायथ्याला राहतो आपण; पावसाळ्यात कपाटातल्या चामडी पट्ट्यालाही बुरशी येते. फ्लॉपीची चकती म्हणजे प्लास्टिकवर चिकटवलेला लोहाच्या ऑक्साइडचा थर. मजकूर त्या थरात असतो.

हार्ड डिस्कमध्ये वाचणारं हेड चकतीवर हवेच्या पातळ थरावर तरंगतं. फ्लॉपीत ते चकतीला घासतं. चकती मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे बुरशीची एक फ्लॉपी घातली की हेड माखतं आणि पुढची चांगली फ्लॉपी ओरखडते. हे मी दोन फ्लॉपी गमावल्यावर शिकलो. मग ड्राइव्ह उघडला. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने दोन्ही हेड हलक्या हाताने पुसले. वरचं हेड नाजूक पत्र्यावर असतं, ते जास्त उचललं की संपलं. हेड ज्या दांडीवर सरकतं तिचं ग्रीस गोठून मेणासारखं झालं होतं. ते काढून नवं लावलं. फार खराब फ्लॉपींचं कवच उघडून चकती डिस्टिल्ड वॉटरने धुतली, वाळवली आणि दुसऱ्या फ्लॉपीच्या स्वच्छ कवचात बसवली. चुकून वर काही लिहिलं जाऊ नये म्हणून कोपऱ्यातली खिडकी आधीच उघडी केली होती.

जुनं यंत्र पुसून चालवणं आपल्याकडे नवं नाही. अमेरिकेत जुने झालेले १४०१ कॉम्प्युटर आयबीएम मुंबईत दुरुस्त करून भारतात भाड्याने देत असे. ‘आम्हाला भंगार देता’ अशी ओरड तेव्हाही झाली. १९७८ मध्ये कंपनी निघून गेली, ती यंत्रं मात्र इथले तंत्रज्ञ पुढेही चालवत राहिले. फ्लॉपीही याच आयबीएमची. १९७१ ची पहिली आठ इंची होती, मामूंची १.४४ एमबीची जात १९८७ ची. सोनीने २०११ मध्ये तिचं उत्पादन थांबवलं.

ड्राइव्ह चालला, फाइल उघडली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं नि चिन्हांची खिचडी! खरी अडचण इथे होती. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ मध्ये ठरलं, त्याच वर्षी युनिकोडमध्ये देवनागरीही आली. पण डीटीपीच्या फॉन्टवाल्यांनी प्रत्येकाने आपापला संकेत चालवला. एकाचा ‘क’ दुसऱ्याचा भलताच काही. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरीची सोय २००० मध्ये आली, आणि छोट्या दुकानांत त्यानंतरही जुनेच फॉन्ट चालत राहिले. म्हणून फ्लॉपी वाचली तरी फॉन्टचं नाव ठाऊक हवं. मामूंनी ते लेबलवर पेन्सिलने लिहून ठेवलं होतं. अशी सवय किती जणांना असेल?

पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० मध्ये सोलापूरला भरलं. त्यानंतरची दहा-पंधरा वर्षं आपल्या मराठी लेखनाच्या भराची, आणि नेमकी तीच फ्लॉपीची. त्या काळातला छापून न आलेला मजकूर कुणाच्या माळ्यावर पडला असेल, तर तो आणखी किती पावसाळे काढेल सांगवत नाही. तुमच्याकडे अशी पेटी असेल तर आधी ड्राइव्हमध्ये घालून बघू नका. पट्टी सरकवून उजेडात बघा.

मामूंच्या निम्म्याहून जास्त फ्लॉपी वाचता आल्या. सध्या एक इतिवृत्त फॉन्ट बदलून वाचतोय. विहिरीच्या वर्गणीवरून सभेत झालेलं भांडण त्यात शब्दशः उतरवलंय. भांडणारे दोघेही अजून हयात आहेत, म्हणून ती फाइल अद्याप कुणाला दाखवलेली नाही.