जाबत्यापासून क्लाउडपर्यंत

गेल्या उन्हाळ्यात भोपाळला भाच्याकडे चार दिवस मुक्काम पडला. रायसेन रस्त्यावरचे आनंद नगर भेलच्या वसाहतीला लागूनच आहे. भाच्याचे वडील या कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. रात्री जेवणानंतर भाचा संगणकावर वीस-पंचवीस ओळी लिहीत बसला होता. "काय रे, पत्र लिहितोस?" मी विचारले. "नाही मामा, मुंबईत तीन सर्व्हर उभे करतोय," तो म्हणाला. माझा चहा संपेपर्यंत ते उभे राहिलेही! इतिहास शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाला त्या रात्री झोप लागेना.

या विद्येचा एक धागा बंदरावर सापडतो. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांच्या 'आयडियल एक्स' जहाजाने न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे ५८ ॲल्युमिनियमच्या पेट्या नेल्या. पेटीत कापूस आहे की काच, याची यारीला फिकीर नाही. सर्व पेट्या एका मापाच्या. आपल्याकडे १९८९ साली न्हावा शेवा बंदर याच कंटेनरांसाठी सुरू झाले. २०१३ मध्ये 'डॉकर'ने हीच युक्ती संगणकात सोपी करून दिली. प्रोग्रॅम आपला सारा संसार पेटीत बांधून कोणत्याही सर्व्हरवर बिऱ्हाड करू लागला. अशा शेकडो पेट्या सांभाळण्यासाठी २०१४ मध्ये गूगलने 'कुबरनेटिस' पुढे आणले. या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. आपल्या कोकणातला तांडेलच म्हणा ना! एक पेटी बंद पडली की तो दुसरी सुरू करतो.

अनेक यंत्रांना एका जुवाला जुंपण्याची विद्या मराठी मुलखाला नवी नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेने हवा तेवढा शक्तिशाली क्रे महासंगणक देण्याचे नाकारले. तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली. अकोला जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली अनेक लहान प्रक्रियकांना एकत्र जोडून १९९१ मध्ये 'परम ८०००' साकार झाला. एक मोठा पैलवान मिळेना, म्हणून चिवट गड्यांची फळी उभी केली!

मग भाच्याने लिहिलेल्या त्या ओळी काय होत्या? तो निव्वळ जाबता होता. सर्व्हर किती, कोणत्या मापाचे, त्यांचे दरवाजे कोणासाठी उघडे, एवढेच त्यात लिहायचे. २०१४ मध्ये आलेल्या 'टेराफॉर्म'सारखे साधन हा जाबता प्रत्यक्ष स्थितीशी ताडून पाहते. काय बदलणार हे आधी सांगते आणि होकार मिळाल्यावर उणे असेल तेवढेच भरून काढते. मला रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' आठवले. सुमारे १७१५ च्या त्या ग्रंथात दुर्ग आणि आरमार यांची व्यवस्था लिहून ठेवली आहे. हवालदार बदलला तरी गडाची रीत बदलू नये, हे अशा लेखनाचे मर्म.

याची किंमत मी अनुभवाने जाणतो. पूर्वीच्या एका शाळेत दप्तराची सारी मांडणी एका लेखनिकाच्या डोक्यात होती. ते निवृत्त झाले आणि जुना दाखला मागायला आलेल्या माजी विद्यार्थ्यांना आम्ही हेलपाटे घालायला लावले. त्यात कित्येकांच्या नोकऱ्या अडकल्या होत्या.

पण लिहून ठेवले म्हणजे निर्धास्त झालो, असेही नाही. जाबत्यातली एक चूक सर्व गडांचे दरवाजे एकदम उघडे टाकू शकते. शिवाय दौत कोणाची, हा प्रश्न राहतोच. ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्प कंपनीने टेराफॉर्मच्या वापराच्या अटी बदलल्या. तेव्हा जगभरच्या जाणकारांनी पूर्वीच्या खुल्या प्रतीवरून 'ओपनटोफू' हा वेगळा संसार थाटला. क्रे नाकारला गेला तेव्हा पुण्याने जे केले, त्याचीच ही धाकटी बहीण.

निघताना भाच्याला म्हटले, "बाबा रे, तुझा जाबता जपून ठेव आणि दुसऱ्यालाही वाचायला शिकव." तो हसला. सीमाभागात आयुष्य काढलेल्या आम्हा माणसांना हे वेगळे सांगावे लागत नाही. जे लिहिले गेले आणि ज्याची प्रत आपल्या हाती राहिली, तेच पुढच्या पिढीचे!