रुग्णालयजन्य न्यूमोनिया : प्रतिजैविकांची वेळ
रुग्णालयात दाखल झाल्यावर ४८ तासांनी किंवा त्यानंतर उद्भवणारा फुप्फुसदाह. अतिदक्षता विभागात तो बहुधा कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांना होतो. रक्तदाब कोसळला असल्यास प्रतिजैविक तासाभरात द्यावे लागते. जंतुसंवर्धनाच्या अहवालासाठी दोन-तीन दिवस थांबणे जिवावर बेतते. प्रकृती स्थिर असल्यास मात्र आधी निदान तपासावे, कारण क्ष-किरण चित्रातील डाग फुप्फुसात साचलेल्या पाण्यामुळेही दिसतो. श्वासनलिकेतील स्रावाचा नमुना शक्यतो पहिल्या मात्रेआधी घेतात. उपचार कधी थांबवावा, हा प्रश्न बराच काळ सवयीवरच सोडलेला होता. फ्रान्समधील ५१ अतिदक्षता विभागांतील चाचणीत (२००३) आठ दिवसांचा उपचार पंधरा दिवसांइतकाच गुणकारी ठरला. स्यूडोमोनाससारख्या जंतूंचा संसर्ग तेवढा अधिक वेळा उलटला. अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वे (२०१६) सर्वसाधारणपणे सात दिवसांची शिफारस करतात.