तेरावी फेरी, सकाळी साडेसात

मेलेल्या पैलवानाची जिवंत पैलवानाशी कुस्ती लावणं हा आखाड्याच्या कडेला बसणाऱ्या म्हाताऱ्यांचा जुना छंद. खामगाव असो की देऊळगावराजा, वाद एकच: हा त्याच्यापुढे किती वेळ टिकला असता? बॉक्सिंगवाल्यांनाही हेच खूळ. मिडलवेटमध्ये, म्हणजे 160 पौंड किंवा साडेबहात्तर किलोंच्या गटात, स्टॅन्ली केचेल आणि शुगर रे रॉबिन्सन ही जोडी लावायला मोठी मजा येते. केचेलला 1910 मध्ये न्याहारी करताना गोळी घातली आणि रॉबिन्सन जन्मला 1921 मध्ये. गाठ पडायची ती गप्पांतच.

हेवीवेटमध्ये मात्र असली लढत खरोखर लावली गेली. तिचा निकाल लोकांपुढे येण्याआधी जे झालं ते दोन घड्याळांवर मांडतो, एक अमेरिकेतल्या आयोवाचं आणि दुसरं बुलढाण्याचं. त्या मोसमात आपलं घड्याळ साडेदहा तास पुढे असतं.

31 ऑगस्ट 1969 च्या साधारण तीन आठवडे आधी, मायामी

मरे वॉरोनर हा रेडिओवाला. त्याने 1967 मध्ये जुन्या-नव्या हेवीवेटांची माहिती एनसीआर 315 संगणकाला पुरवून रेडिओवर स्पर्धा घेतली. तीत यंत्राने मुहम्मद अलीला जिम जेफ्रीजकडून हरवलं. अली भडकला आणि त्याने बदनामीचा दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. शेवटी तडजोड झाली: दहा हजार डॉलर घे आणि स्पर्धेचा विजेता रॉकी मार्सियानोबरोबर कॅमेऱ्यापुढे उभा राहा. सैन्यात जायला नकार दिल्यामुळे अलीचं पद आणि परवाना दोन्ही गेले होते. तो तयार झाला. मार्सियानो 49 पैकी 49 लढती जिंकून 1956 मध्ये निवृत्त झालेला. त्याने वीसेक किलो वजन उतरवलं आणि टकलावर टोप चढवला. दोघे एकेका मिनिटाच्या सत्तरेक फेऱ्या खोट्या-खोट्या खेळले. शेवट कुठला ते यंत्र ठरवणार, म्हणून वेगवेगळे शेवट चित्रित करून ठेवले.

31 ऑगस्ट 1969, संध्याकाळी 6 चा सुमार (बुलढाणा: 1 सप्टेंबर, पहाटे 4.30)

शिकागोहून सेस्ना 172 उडतं. मुक्काम डे मॉइन, अंतर सुमारे 500 किलोमीटर. आत तिघे: वैमानिक, जुन्या बॉक्सर मित्राचा 28 वर्षांचा मुलगा आणि मार्सियानो. वैमानिकाचा अनुभव 231 तासांचा, त्यातला रात्रीचा फक्त 35 तासांचा. ढगात केवळ उपकरणांच्या भरवशावर विमान चालवण्याचा परवाना त्याच्याकडे नाही.

उद्या मार्सियानोचा 46 वा वाढदिवस. डे मॉइनला त्याला न सांगता समारंभाची तयारी करून ठेवलेली आहे.

इकडे उद्या उजाडायच्या बेतात आहे. श्रावणी सोमवार. लोणारच्या धारेवर आंघोळीला निघणारे उठले असतील.

संध्याकाळी 7 (पहाटे 5.30)

लिहिण्यासारखं काही नाही. इंजिनाची घरघर तेवढी.

रात्री 8 (सकाळी 6.30)

हवा बिघडलेली आहे, काळोख पडलाय. अशा वेळी परत फिरणं किंवा जवळच कुठे उतरणं हाच शहाणपणा. पण पुढे लोक वाट बघत असले की माणूस परत फिरत नाही. एसटी असो, बैलगाडी असो, विमान असो.

रात्री 9 च्या अलीकडे (सकाळी 7.30 च्या अलीकडे)

डे मॉइन अजून पन्नासेक किलोमीटर. न्यूटन नावाच्या गावाबाहेर छोटी धावपट्टी आहे, वैमानिक तिथे उतरायला बघतो. ढगात शिरलं की क्षितिज पुसलं जातं. मग तोल सांभाळायला उरतो तो कान, आणि कान फसवतो. विमान हळूहळू एका अंगाला कलत असलं तरी आपण सरळच चाललोय असं वाटतं; ते सरळ केलं तर उलट कलल्यासारखं वाटतं. अशा वेळी स्वतःच्या शरीरावर अविश्वास दाखवून काट्यांवर विश्वास ठेवायचा, एवढीच ती विद्या. 35 तासांत ती अंगी मुरत नाही. चौकशी अहवालाने पुढे हेच नोंदवलं: अनुभवाबाहेरचं धाडस, वाईट हवेतही डोळ्यांच्या भरवशावर चालू ठेवलेलं उड्डाण, आणि अखेरच्या क्षणी हरपलेलं दिशाभान.

खाली मक्याची शेतं. तेव्हा आपल्याकडे ज्वारी-कपाशीपुढे मक्याला कोण विचारत होतं? आयोवात मात्र ऑगस्टअखेर मका पुरुषभर उंच होतो. त्या मक्यात एकटंच उभं एक ओकचं झाड. आपल्या बांधावर कडुनिंब असतो, तसं.

रात्री 9 (सकाळी 7.30)

धावपट्टी दोन मैलांवर असताना विमान झाडावर आदळतं. तिघेही जागीच गेले.

बुलढाण्यात ऊन वर आलंय. पोळा दहा दिवसांवर आलाय.

मध्यरात्र (सकाळी 10.30)

मार्सियानोचा वाढदिवस सुरू होतो.

20 जानेवारी 1970

अमेरिका, कॅनडा, युरोपातल्या दीडेक हजार चित्रपटगृहांत ती लढत दाखवली जाते. यंत्राने निवडलेला शेवट असा: तेराव्या फेरीत मार्सियानोच्या ठोशाने अली खाली. पंच दहा आकडे मोजतो. पडद्यावर मार्सियानो हात उंचावतो. टोप जागच्या जागी आहे.