दिनविशेष – २४ डिसेंबर १९६८ : चंद्राच्या क्षितिजावरील पृथ्वी

फ्रँक बोरमन, जेम्स लव्हेल आणि विल्यम अँडर्स या अमेरिकी अंतराळवीरांना घेऊन निघालेले ‘अपोलो ८’ हे यान या दिवशी चंद्राच्या कक्षेत, म्हणजे चंद्राभोवतीच्या भ्रमणमार्गात, शिरले आणि चौथ्या प्रदक्षिणेत अँडर्स यांनी उजाड चंद्रपृष्ठामागून वर येणाऱ्या निळ्या-पांढऱ्या पृथ्वीचे रंगीत छायाचित्र टिपले. ‘अर्थराइज’, अर्थात पृथ्वीचा उदय, या नावाने ते पुढे जगभर ओळखले गेले. वस्तुतः चंद्राची एकच बाजू सदैव पृथ्वीकडे वळलेली असल्यामुळे चंद्रभूमीवर उभ्या असलेल्या निरीक्षकाला पृथ्वी आकाशात जवळजवळ एकाच जागी स्थिर दिसते. हा उदय घडला तो केवळ यानाच्या गतीमुळे. मोहिमेतील छायाचित्रणाचा भर चंद्रपृष्ठावर होता, पृथ्वीवर नव्हे, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. ‘लुनार ऑर्बिटर १’ या मानवरहित यानाने १९६६ मध्येच असे दृश्य पाठवले होते, परंतु ते कृष्णधवल होते आणि त्याचा तसा प्रभाव पडला नाही.

‘अर्थराइज’ला अनेकदा पर्यावरण चळवळीची प्रेरणा मानले जाते; पण त्या चळवळीचे सारे श्रेय एका छायाचित्राला देणे अतिशयोक्तीचे ठरेल, कारण रेचल कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या १९६२ च्या ग्रंथाने कीटकनाशकांचा प्रश्न आधीच ऐरणीवर आणला होता आणि जानेवारी १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे झालेल्या तेलगळतीने अमेरिकी जनमत प्रक्षुब्ध केले. तथापि २२ एप्रिल १९७० रोजी पहिला वसुंधरा दिन साजरा झाला, तेव्हा मर्यादित आणि सामाईक पृथ्वीची कल्पना मांडणाऱ्यांच्या हाती ही प्रतिमा आलेली होती.